मुंगीचं दार रंगलं

आजोबांच्या घरामागे एक भिंत. जुनी, विटांची. विटेत एक भोक. भोकात मुंगीची तीन बाळं.

मुंगी गेली साखर आणायला. तुरु तुरु तुरु. परत आली तर दारच नाही! भोकावर लाल लाल रंग.

आजोबा डबा घेऊन उभे. "छान झालंय. झालंय ना? की चुकलं?"

"चुकलं!" मुंगी म्हणाली. "माझी बाळं आत आहेत. दार उघडा."

"अरे बापरे! मला कुठे येतंय? तारेचा ब्रश घासेल, तर उघडेल."

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

"ब्रशा, ब्रशा, घास. तू घासशील, दार उघडेल, बाळं भेटतील."

"छे! भिंत ओली. माझ्या तारा गंजतील. भिंत वाळली, तर घासेन."

तुरु तुरु तुरु.

"भिंती, भिंती, वाळ. तू वाळशील, ब्रश घासेल, दार उघडेल, बाळं भेटतील."

"आक् छी! ऊन पडलं, तर वाळेन."

तुरु तुरु तुरु.

"उन्हा, उन्हा, पड. तू पडशील, भिंत वाळेल, ब्रश घासेल, दार उघडेल, बाळं भेटतील."

"वेल मधे आलीय ना! वेल सरली, तर पडेन."

तुरु तुरु तुरु.

"वेली, वेली, सर. तू सरशील, ऊन पडेल, भिंत वाळेल, ब्रश घासेल, दार उघडेल, बाळं भेटतील."

"मला का पाय आहेत? आजोबांनी छाटलं, तर सरेन."

तुरु तुरु तुरु.

"आजोबा, आजोबा, छाटा. तुम्ही छाटाल, वेल सरेल, ऊन पडेल, भिंत वाळेल, ब्रश घासेल, दार उघडेल, बाळं भेटतील."

आजोबांनी कपाळाला हात लावला. कपाळ लाल झालं.

"म्हणजे आधी छाटायचं, मग वाळवायचं, मग घासायचं. रंग शेवटी! मी शेवटापासूनच सुरुवात केली. एवढी जाड पुस्तकं वाचली, पण भिंत नाही वाचली!"

"आधी छाटा. मग बोला."

आजोबांनी छाटलं. कच कच! वेल सरली. सळसळ! ऊन पडलं. लख्ख! भिंत वाळली. एक दिवस, दोन दिवस. ब्रशने घासलं. खर खर खर! दार उघडलं.

"आई, साखर!" एक, दोन, तीन बाळं!

आजोबांनी पुन्हा डबा उघडला. पहिल्या विटेला कान लावला.

"आत कोणी आहे का?"

दुसऱ्या विटेला कान लावला.

"आत कोणी आहे का?"

भिंत रंगायला महिना लागला.