सगळ्या गावांची एकच गाडी

फार पूर्वी चंपानगरीत राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने बैलाचा जन्म घेतला होता. नंदिय नावाच्या गाडीवानाने त्याला वासरू असल्यापासून वाढवले होते. तो त्याला धवल म्हणे.

एका पुरात नदीकाठची माणसे अन्नावाचून मेली. तेव्हा राजाने काठच्या प्रत्येक गावाला खजिन्यातून अनुदान दिले. पुढच्या संकटासाठी गावोगाव कोठार भरून ठेवायचे होते. काम कालिंग नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले. त्याने त्या पैशांतून नगरात स्वतःचे तिमजली घर बांधले आणि सगळ्या गावांसाठी मिळून एकच गाडीभर तांदूळ घेतला.

कोठारे पाहायला राजाचा तपासनीस पालखीतून फिरे. पालखीआधी नंदियची गाडी पोचे, पोती कोठारात लागत. तपासनीस खाली न उतरताच मान डोलवी. पालखी वळली की तीच पोती गाडीत चढत आणि गाडी आडवाटेने पुढच्या गावी जाई. नंदियच्या स्वतःच्या गावीही तेच झाले. बायकोने विचारले, तेव्हा तो म्हणाला, दुसरी गाडी मागून येते आहे.

वेळूग्रामात एका म्हातारीने पोत्यावरून हात फिरवला. "यंदा नातवंडं झाडावर बसून उपाशी नाही मरायची," ती म्हणाली. धवल जवळच उभा होता.

संध्याकाळी भरलेली गाडी वेशीपाशी आली आणि धवल खाली बसला.

नंदियने शेपूट पिरगाळली, मान खाजवली. "ऊठ, बाबा. जावयासारखा काय बसलास? माझी कातडी सोलतील."

धवलने त्याच्याकडे पाहिले. उठला नाही.

गाडीसोबत आलेल्या कालिंगने लोखंडी टोकाची पराणी नंदियच्या हातात दिली. "मार. नाही तर तुलाच जुंपतो."

नंदियने मारले. धवलच्या शिंगांत बळ होते, पण त्याने मान उचलली नाही. गलका ऐकून गाव जमले. लोकांना गाडीत आपली पोती दिसली. एकेक पोते डोक्यावर घेऊन ते परत कोठाराकडे चालू लागले. कालिंग गर्दीतून निसटला. शेवटचे पोते उतरण्यापूर्वी धवलचा प्राण गेला.

त्याच वर्षी भाद्रपदात पूर आला. वेळूग्राम जगले. बाकीच्या गावांनी कोठारे उघडली, तर आत उंदरांच्या लेंड्या होत्या. पाणी ओसरल्यावर नंदिय घरी पोचला, तेव्हा त्याची बायको कोठाराच्या पायरीवर मरून पडली होती. शेवटपर्यंत ती वाटेकडे तोंड करून बसली होती, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दुसरी गाडी यायची होती ना.

ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा कालिंग तो आजचा देवदत्त. नंदिय म्हणजे हा समोरचा भिक्षू. चाकांचा आवाज आला की तो अजून कान झाकून घेतो. आणि धवल तो मीच." तपासनीस आज कोण आहे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

मार खाऊनही जागचे न हलणारा हा जो निश्चय, त्यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात.