कागदाची पुढची बाजू

"आता तरी मानता ना, भंतेजी? भिंत पाणी धरते का नाही?"

देवानंद रंगारीने विचारलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या प्लास्टिककडे बोट दाखवलं. हातभर लांब, हातभर रुंद, आरपार दिसणारा कागद. चारी कडांना चिकटपट्टी. कागदावर पाण्याचे थेंब जमले होते.

भंते कागदाकडे पाहत राहिले.

मी जिन्यापाशी चटया गुंडाळत होतो. खरं तर बाकीच्यांसारखं वर निघून जायला हवं होतं. गेलो नाही.

सकाळचे आठ वाजले असतील. वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे तीन महिने भंते कुठे जात नाहीत, आमच्या विहारातच राहतात. गावातले आम्ही चाळीसेक जण रोज सहा वाजता त्यांच्याजवळ ध्यानाला बसतो. विहारावर टिनाचं छप्पर आहे. पाऊस लागला की मनाचं सोडा, शेजारचा शिंकला तरी ऐकू येत नाही. म्हणून बसायचं ते तळघरात, दार लावून, दीड तास.

हे तळघर बांधलं मनोहरने. देवानंदचा मोठा भाऊ. गवंडी होता. सिमेंटचे ब्लॉक त्याने एकट्याने वाहिले, एकट्याने रचले. मजुरी विचारली तर म्हणाला, हेच माझं दान समजा.

गेल्या पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटलं. चटया ओलसर झाल्या, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आली.

देवानंद सुतार. शहरात मोठमोठ्या बंगल्यांची आतली कामं करतो. हाताला सफाई आहे, जिभेला मात्र लगाम नाही. एका पौर्णिमेला वंदना संपली, तसा तो उठला. भिंतीवर तळहात आपटला आणि ओला पंजा आम्हा सगळ्यांसमोर धरला.

"हे पाहा माह्या भावाचं दान!"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मीही हसलो होतो. त्याची मला आज शरम वाटते.

मनोहर मागच्या ओळीत बसला होता. तो उठला, चपला घातल्या आणि जिना चढून गेला. पुन्हा आमच्यात बसायला आला नाही. हिवाळ्यात एका पहाटे छातीत कळ येऊन गेला.

या वर्षी देवानंदने स्वतःच लाकूड आणलं. भिंतीपासून दोन बोटं जागा सोडून उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करायची, तिच्यावर जिप्समचे बोर्ड ठोकायचे, सांधे बुजवायचे, वर रंग. मागची भिंत पुन्हा कोणाला दिसायला नको. गावात त्याचं कौतुक झालं. भावाची लाज झाकतोय बिचारा, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हातारीकोतारी बोलू लागली.

तीन भिंतींना चौकटी लागल्या. चौथीला हात घातला, तेव्हा भंतेंनी त्याला थांबवलं.

"ओल कुठून येते ते बघितलंस?"

देवानंद हसला. "सुताराले शिकवता काय जी? बरं, परीक्षाच करून दाखवतो."

आणि त्याने तो कागद चिकटवला. आम्हाला नियमही समजावून सांगितला. दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या मागच्या बाजूला पाणी जमलं, तर ते बाहेरच्या मातीतून, भिंतीतून आलेलं. भिंत कच्ची. पुढच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेचं. भिंतीचा दोष नाही.

आज ते दोन दिवस भरले होते.

"बोला ना जी," देवानंद म्हणाला. "लोकं म्हणतात, मी भावावर खार खात होतो. खार नव्हता माहा. भिंत कच्ची होती म्हणून कच्ची म्हटलं. तुम्ही एकदा हो म्हणा. बाकी कोणी काही म्हणो."

त्याला ते 'हो' फार हवं होतं. मनोहर गेल्यापासून हा माणूस नीट झोपला नव्हता. त्याच्या बायकोनेच ते आळीभर सांगितलं होतं.

भंते पुढे झाले. त्यांनी एक बोट कागदावर ठेवलं आणि वरून खाली ओढलं.

थेंब पुसले गेले. कागदावर एक स्वच्छ पट्टा उमटला.

भंतेंनी ते ओलं बोट देवानंदसमोर धरलं.

"पाणीच आहे ना," देवानंद म्हणाला. अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कागद काढ."

त्याने एका कोपऱ्याची चिकटपट्टी नखाने उचलली आणि कागद ओढून काढला. सवयीने उलटा करून बघितला.

मागची बाजू कोरडी होती. सिमेंटची बारीक धूळ तेवढी चिकटली होती.

"असं कसं..."

त्याने कागदाखालच्या भिंतीवर तळहात टेकला. उचलून बघितला. पुन्हा टेकला, या वेळी बराच वेळ. मग खाली पडलेली पटाशी उचलली आणि दोन ब्लॉकांमधली दरज खरवडली. कोरडी राखाडी पूड फरशीवर सांडली. पटाशी फार आत गेलीच नाही. मालही पक्का होता.

देवानंद त्या पुडीकडे बघत राहिला. चांगलं काम कसं असतं ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मग पाणी कुठचं, भंतेजी?"

भंतेंनी त्याच्या हातातला कागद तसाच वर धरायला लावला. चेहरा जवळ नेला, तोंड उघडलं आणि त्यावर नुसता श्वास सोडला.

हाऽऽ...

कागद धुरकट झाला.

वर टिनावर पाऊस वाजत होता. मी जिन्यापाशी उभा होतो आणि माझ्याच श्वासाची मला भीती वाटायला लागली. आम्ही चाळीस जण. दार बंद. दीड दीड तास श्वासावर लक्ष ठेवून बसायचो, आणि उठताना ओल्या भिंतीकडे बघून मनोहरला नावं ठेवायचो.

"दुपारी भिंत कोरडी असायची," भंते म्हणाले.

"तुमाले काय माहीत?"

"मनोहर यायचा."

"कधी?"

"त्या पौर्णिमेनंतर. दुपारी, इथे कोणी नसताना. दार उघडं टाकायचा आणि चारी भिंतींना हात लावत फिरायचा. कुठे चुकलं ते शोधायचा."

देवानंदने हातातला कागद खाली घेतला.

"एकदा म्हणाला, भंतेजी, मी येतो तेव्हा भिंत कोरडी असते. लोक बसले की तिला पाणी सुटतं. माझी भिंत अशी नाही."

"मग तुम्ही काय म्हणाले?"

भंतेंनी भिंतीवर हात ठेवला.

"मी म्हणालो, मन शांत ठेव."

"बस?"

"बस. तो भिंतीचं सांगत होता. मला वाटलं, दुःखाने बोलतोय... मी ऐकलं नाही, देवानंद. त्या वेळी उठून एक हात लावला असता तरी कळलं असतं."

भंतेंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

देवानंद खाली रचलेल्या पट्ट्यांवर बसला. कागद शेजारी ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून.

"मी मारलं त्याले," तो म्हणाला.

भंते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

"सांगा ना जी. मीच मारलं ना?"

"तो कशाने गेला ते मला माहीत नाही. या तळघरातून कशाने गेला, ते माहीत आहे."

देवानंदने मान खाली घातली. त्याच्या नाकावरून पाणी टपटप पट्ट्यांवर पडलं. त्याने ते पुसलंही नाही.

मग एकदम उठला. हाताला काम असलं की सुताराला जरा धीर येतो. त्याने ड्रिल उचललं आणि पहिल्या भिंतीपाशी जाऊन चौकटीचे स्क्रू सोडवायला लागला.

"हे सगळं काढून टाकतो. वरच्या अंगाला दोन झरोके पाडतो. पंखा बसवतो, हवा बाहेर फेकणारा. ओल राहणारच नाही. पाहाच तुम्ही."

एक स्क्रू फरशीवर पडला.

"भाऊच्या नावाची पाटी लावतो दारावर. चांगली सागवानी. अक्षरं मी स्वतः कोरतो."

त्याने पुढच्या स्क्रूला ड्रिल लावलं.

"वहिनीकडे जातो. तिचा हात धरून इथे आणतो. पुढच्या ओळीत बसवतो."

एक पट्टी सुटून खाली पडली. त्या आवाजाने तो थांबला. वळून भंतेंकडे बघितलं. इतकं सगळं सांगूनही समोरच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"बरं," ड्रिल ठेवून पट्ट्यांवरचा कागद उचलत तो हळू म्हणाला. "उद्या सकाळी सगळे जमले की उभा राहतो. हा कागद दाखवतो. दोन्ही बाजू दाखवतो. चाळीसही लोकांना सांगतो, माह्या भावाची भिंत चांगली हाये... मग झालं ना जी?"

भंते त्याच्याजवळ गेले. त्याच्या हातातून तो कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि चिवराच्या आत ठेवून दिला.

"भिंतीचं मनोहरने सांगून झालं आहे," ते म्हणाले. "तू तुझं सांग."