पाइपातली दोरी

“चाचा, आता तरी म्हणाल का, काम पुरं झालं?”

हिंमत साळोखेनं हे विचारलं तेव्हा बुधवारची सकाळ होती. कुरुंदवाडच्या नाट्यगृहात झाडलोट चालली होती आणि अमीनचाचांच्या हातात चहाचा कप होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. “बरं,” म्हणाले. कप खाली ठेवला.

टोपणे मिस्त्री पहाटे गेले होते. तीस वर्षांपूर्वी या नाट्यगृहातल्या आवाजाच्या तारा त्यांनी घातल्या होत्या, आणि चाचांना हे काम शिकवलं होतं तेही त्यांनीच. माती संध्याकाळी पाचला होती.

चार वाजता हिंमतनं बसवलेल्या आवाजाच्या नव्या यंत्रणेवर पहिला प्रयोग होता. चाचांनी ‘पुरं’ म्हटल्याशिवाय त्यांच्या हाताखालचं कोणी आपलं काम पुरं मानत नसे, आणि हिंमत त्या एका शब्दासाठी सात वर्षं थांबला होता.

“दाखव,” चाचा म्हणाले.

रंगमंचालगतच्या कपाटात चार ॲम्प्लिफायर होते. सगळ्यांचे दिवे हिरवे. तिथून मागच्या केबिनपर्यंत जमिनीखालच्या पाइपातून दोन नेटवर्क केबल गेल्या होत्या. एक तुटली तर आवाज दुसरीवरून जाणार. चाचांनी एका ॲम्प्लिफायरचं पुढचं बटण फिरवलं. काही झालं नाही.

लॉक केलंय, हिंमतनं सांगितलं. सगळं लॅपटॉपवरून चालतं, उगाच कोणी हात लावायला नको.

“मीपण?”

हिंमत कसनुसा हसला.

“केबल ओढायला किती दिवस लागले?”

“दिवस कसले, चाचा? तासाभराचं काम.” त्याची मान जरा ताठ झाली. “पाइपात जुनी दोरी होती. बांधली, ओढली.”

“कुणी ठेवली होती?”

हिंमतची नजर पाइपाकडं गेली. “मिस्त्रींनी…”

“आता कुठाय?”

दोरी केबलच्या पुढं पुढं बाहेर आली होती आणि कचऱ्यात गेली होती. पुढच्या माणसासाठी मागं नवी दोरी सोडावी, हे त्याला सुचलंच नव्हतं.

चाचा पाइपाच्या तोंडाशी खाली बसले आणि मिस्त्रींच्या पायांना लावत तसा हात फरशीला लावला.

हिंमतनं घड्याळ पाहिलं. मग त्यानं दुसऱ्या, चांगल्या चालत्या केबलचा प्लग कापला. टोकाला दोरी बांधून केबल पूर्ण बाहेर ओढली. त्याच दोरीनं परत आत घेतली, या वेळी सोबत एक नवी दोरी. एका टोकाला चाचा केबल सोडत होते, दुसऱ्या टोकाला तो ओढत होता. नवा प्लग बसला. दिवे हिरवे झाले. मग कोणी न सांगता त्यानं बटणांचं लॉक काढलं.

“मिस्त्रींचे आभार मानायचे राहिले,” तो हळूच म्हणाला.

चाचा दाराशी चपला घालत होते.

“त्यांच्यासाठी दोरी कोणी सोडली होती, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.”