पडदा गेलेला लॅपटॉप

“पण सर, घरी आणल्यावर वायफाय चाललंच नाही तर?”

या एका प्रश्नानं ऋजुताची तीन दिवस झोप उडवली होती. काळजी करायला घरात बरंच काही होतं. पाच वर्षांच्या जुईचा पुढचा दात हलत होता आणि भाजी म्हणून ती फक्त बटाटा ओळखत होती. पण ऋजुता टक्क जागी राहायची ती न घेतलेल्या लॅपटॉपच्या वायफायच्या चिपपायी. कुणाला सांगायचीही चोरी. शेवटी मुलीचं बोट धरून तिनं गडहिंग्लजला सरांचं घर गाठलं होतं.

हळदणकर सरांनी तिला पॉलिटेक्निकमध्ये लिनक्स शिकवलं होतं; विंडोजऐवजी वापरायची ही संगणकप्रणाली प्रत्येक लॅपटॉपशी जुळतेच असं नाही. आता ते निवृत्त झाले होते. डोळेही गेले होते. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं.

“लॅपटॉप कशाला हवाय तुला?”

“परत सुरू करायचंय, सर. जुई झाल्यापासून कोडची एक ओळ लिहिलेली नाही.”

“बरं.”

“तक्ता केलाय मी. सत्तावीस मॉडेलं, अकरा रकाने.”

वर्गात पहिली यायची, तेव्हाचा ताठा क्षणभर आवाजात डोकावून गेला.

“किती दिवस करतेयस?”

“...आठ महिने.”

“वाच की.”

ऋजुतानं कागद उलगडला. “पहिल्याचं सगळं चालतं, पण मधूनच आवाज जातो. दुसऱ्याचं झाकण मिटलं की तो झोपतो, आणि उघडलं तरी उठत नाही. तिसरा अगदी नवा आहे, त्याचे ड्रायव्हर अजून कुणी लिहिलेच नाहीत. चौथ्याचं ग्राफिक्स कार्ड...”

“पुरे. मी काय शिकवलं होतं?”

“अगदी नवं मॉडेल घ्यायचं नाही. वर्ष-दोन वर्षं लोकांनी वापरलेलं घ्यायचं. दुकानात जाताना पेनड्राइव्ह न्यायचा, त्यावरून लिनक्स सुरू करायचं, आणि वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण, सगळं तिथंच तपासायचं.”

“येतंय की सगळं.”

“हो.”

“मग आलीस कशाला?”

ऋजुता कागदाचा कोपरा दुमडत राहिली. पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला.

“सगळं नीट चालणारा मिळाला, सर... उघडून बसले... आणि मलाच काही आलं नाही तर?”

सर हसले नाहीत. समजूतही घातली नाही. टेबलावर चाचपडत त्यांनी लॅपटॉपचं एक जुनं धूड तिच्याकडे सरकवलं.

“याला लाव तुझे रकाने.”

बिजागरी तुटलेली, म्हणून झाकणाला मागून शब्दकोशाचा टेकू. बॅटरीत जीव नाही, वायर कायमची लावलेली. वायफायच्या जागी खिडकीतून आत आलेली केबल. ऋजुतानं बटण दाबलं. पंखा घरघरला. तिनं वाट पाहिली. मग फोनचा टॉर्च अगदी जवळ धरला, काही अक्षरं पुसट दिसतायत का ते बघायला.

“सर, याचा पडदा गेलाय. ठार काळा आहे.”

“होय? कधी?”

“मला काय माहीत!”

“मला तरी काय माहीत? कोण बघतंय तिथं.”

जुई खुदकन हसली. सरांना बरं वाटलेलं दिसलं.

त्यांनी न चाचपडता तीन कळा दाबल्या. आतून एक सपाट, नाकातला आवाज आला.

“वाचक. आवृत्ती शून्य पूर्णांक चार.”

ऋजुताचा हात तोंडावर गेला.

वाचक हा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. सरांची नजर अंधुक व्हायला लागली तेव्हा, त्यांना पेपर वाचून दाखवायला. एक काम तेवढं राहिलं होतं. वाक्य संपलं की थांबायचं, हे त्याला कळत नव्हतं. “पुढच्या आठवड्यात करते, सर,” असं ती म्हणाली होती. त्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. मग जुई झाली.

वाचकानं आजचा पेपर वाचायला घेतला.

“...बिबट्याचा शोध सुरू आहे वधूवर मेळाव्यास सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे गुळाची आवक वाढली नगराध्यक्षांनी समाधान व्यक्त केले मोकाट कुत्र्यांची...”

“सर! सहा वर्षं तुम्ही हे असंच ऐकताय?”

“कुठं थांबायचं ते मी ठरवतो.”

“मला सांगायचं तरी.”

“तुझं पोर लहान होतं.”

“मग दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचं. इतके विद्यार्थी तुमचे.”

सरांनी टेकूचा शब्दकोश नीट सरकवला.

“आणि आता फोन वाचतोच की. मराठीसुद्धा.”

“वाचतो. लई चांगलं वाचतो.”

“मग?”

“चांगलं वाचतो,” सर पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी कान त्या धुडाकडे वळवला. कुणाची तरी हाक ऐकू यावी, तसा.

ऋजुताही ऐकू लागली. तो आवाज मोकाट कुत्र्यांवरून शिक्षकांच्या बदल्यांवर गेला, बदल्यांवरून थेट निधनवार्तेत शिरला.

तिनं खुर्ची ओढली.

“पण सर... पडदा नाही. दिसणार कसं?”

“ऐक की.”

तिनं बोटं कळांवर ठेवली. दुरुस्तीची पहिली आज्ञा कुठली, ते आठवेना. मग डोकं नाही, बोटंच आठवायला लागली.

जुई इतका वेळ लॅपटॉपच्या बाजूला गाल टेकवून ऐकत होती. तिनं आईची बाही ओढली.

“आई, आतल्या त्या काकांना आधी पाणी दे.”