वानराने केलेला जरासा बदल

माणसांचं सामान जंगलात पोचलं होतं, पण माणसं अजून पोचली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

तळ्याकाठच्या प्राण्यांकडे मिळून एकच लॅपटॉप होता. वाटेवरची कोणती तळी यंदा आटली आहेत, याचा नकाशा त्यात होता. तो बघून करकोचे सकाळच्या वाऱ्याबरोबर पिल्लांना घेऊन निघणार होते. पण लॅपटॉप सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ येई, ‘डिस्क सापडत नाही.’

दुरुस्तीला आलेल्या मुंगसाने वानराला विचारलं, “काल तूच वापरत होतास ना? काही बदललंस का?”

“छे! मी काहीच केलं नाही.”

मुंगसाने झाकण उघडलं, डिस्क काढून पुन्हा बसवली, बॅटरीही काढून लावली. अस्वल म्हणालं, “दोन थापट्या द्या.” मुंगसाने लॅपटॉप त्याच्यापासून लांब सरकवला. ऊन चढलं. पिल्लं कलकलाट करू लागली.

“अरे बाबा, हात जोडतो, जरा आठव!” मुंगूस ओरडलं.

वानर मान खाजवत म्हणालं, “तसं काही नाही हो, मुंगूसदादा. लवकर सुरू व्हावा म्हणून आतली एक सेटिंग जराशी बदलली होती.”

मुंगसाने कपाळावर हात मारला. सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या करताच लॅपटॉप सुरू झाला.

तोवर सकाळचा वारा पडला होता, आजचं निघणं हुकलं होतं. करकोचे नकाशा पाहून पिल्लांसाठी पुन्हा चिखलात मासे शोधू लागले.

वानर मात्र खुशीत म्हणालं, “बघा! मी सांगत नव्हतो, काहीच बिघडलेलं नाही म्हणून?”