दोन तुकड्यांचं आढं

फार पूर्वी, डोंगरांना अजून घाटरस्ते फुटले नव्हते तेव्हा, एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक गवंडी राहत होता. त्याच्या हाताला कसब भरपूर, जिभेला गोडवा मात्र बेताचाच. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी होती, येसू. तिला त्यानं डोंगरापलीकडच्या गावात दिली. घर चांगलं होतं, जावई चांगला होता, फक्त मध्ये डोंगर होता.

लग्न ठरलं तेव्हा गावानं त्याला सांगून पाहिलं होतं. वाट दोन दिवसांची. मधली रात्र वरच्या खिंडीत उघड्यावर काढायची. तिथली थंडी अशी की सकाळी मडक्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असते. अशा वाटेनं लेक माहेरी यायची कशी? लोक काळजीनंच बोलले, पण लोकांच्या काळजीला एक टोक असतं आणि ते टोचतं. गवंड्याला फारच टोचलं. त्यानं चारचौघांत सांगून टाकलं, "माझी मुलगी आहे, माझं मी बघून घेईन. यापुढे कुणाच्या उंबऱ्याशी येणार नाही."

बोलून झालं आणि तो घरी आला. मग येसूही सासरी गेली आणि घरात तो एकटा उरला.

तीन वर्षं गेली. येसू एकदाही आली नाही. आधी दिवस गेले होते, मग अंगावरचं मूल होतं, मग ते मूल खिंडीतल्या थंडीत गारठेल अशी भीती. डोंगर ओलांडून जाणारा-येणारा एकच माणूस होता, बैलांवर मीठ लादून आणणारा मीठवाला. नातू झाल्याची बातमी त्यानंच आणली. नाव काय ठेवलं असं गवंड्यानं विचारलं, तर मीठवाला डोकं खाजवत म्हणाला की सांगितलं होतं खरं, पण वाटेत विसरलो. तेव्हापासून गवंडी भाकरी थापताना एकेक नाव मनात घेऊन बघायचा. हे असेल का, ते असेल का. पण त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

चौथ्या वर्षी त्याला सुचलं ते असं. खिंडीत एक खोपी बांधायची. एक खोली, एक चूल, एक घट्ट लागणारं दार. लेकीला आणि नातवाला एक रात्र ऊब मिळाली की झालं. त्यानं मीठवाल्याबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला, की येसूची सासू म्हणते, निवारा असेल तर पाठवते. पण सुगी आटोपल्यावर, फाल्गुनातच. बाकी वर्षभर घरातून हात मोकळे होत नाहीत.

म्हणजे काम हिवाळ्यातच उरकायला हवं होतं. पावसाळ्यात ती वाट ओढा होऊन वाहते, आणि उन्हाळ्यात वर प्यायला थेंब मिळत नाही. दिवाळी झाली तसा गवंडी कामाला लागला.

दगड खिंडीत होते. बाकी सगळं खालून न्यायचं होतं. वासे, बांबू, गवताच्या पेंढ्या, सुंभाची वेटोळी, चुन्याच्या गोणी, दाराच्या फळ्या. त्याच्याकडे एक म्हातारं तट्टू होतं. एक दिवस चढायचं, वर ओझं उतरवायचं, दुसऱ्या दिवशी रिकामं खाली यायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पौषात थंडी अशी वाढली की वर पोचल्यावर बोटांनी सुंभाच्या गाठी सुटेनात. मग तो दोन्ही हात तट्टाच्या पोटाखाली धरून उभा राहायचा, आणि उभ्या उभ्या त्याच्याशी बोलायचा. आज वारा कसा आहे, भिंत किती आली, येसू लहानपणी कशी हट्ट करायची. तट्टू कान हलवायचं. सगळ्या हिवाळ्यात त्याचं बोलणं एवढंच झालं.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. घराच्या छपराच्या ऐन मध्यावर जे लांब लाकूड असतं, ज्याच्यावर दोन्हीकडचे वासे टेकतात, ते आढं. आढं एकट्यानं उचलायचं नाही, ते गावानं उचलायचं. घर बांधणाऱ्यानं दारोदार जाऊन उंबऱ्यावर एक सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, आढं उचलायचंय. की घरटी एक खांदा बाहेर पडायचा. आणि कुणाचं घर उठतंय हे दिसू लागलं की लोक आधीच दाराबाहेरच्या खुंटीला चुंबळ टांगून ठेवायचे. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली घ्यायचं फडक्याचं वेटोळं. आमची तयारी आहे, असा त्याचा अर्थ.

या गवंड्यानं स्वतः गावातली निम्मी आढी आपल्या खांद्यावर चढवली होती, आणि तीही सगळ्यांत पुढे राहून. तेव्हा रीत त्याला कुणी शिकवायला नको होती.

मार्गशीर्षापासून प्रत्येक दाराबाहेर चुंबळ टांगलेली होती. गवंडी पहाटे तट्टाला घेऊन त्याच गल्लीतून जायचा. उजवीकडे चुंबळी, डावीकडे चुंबळी. त्याला वाटायचं, मी कधी वाकतो याची वाट बघत बसलेत सगळे. तो मान खाली घालून पुढे व्हायचा.

माघ आला. भिंती झाल्या, दार बसलं. आता आढं. सोळा हात लांबीचं, पिकलेल्या सागाचं सरळ लाकूड त्याच्या अंगणात पडून होतं. वाटेत अर्ध्यावर एक वळण होतं, हाताच्या कोपरासारखं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं एवढं लांब लाकूड ना ओढता येत, ना वळवता येत. दहाबारा जणांनी डोक्यावर धरून कड्याच्या वरून फिरवलं तरच ते पुढे जाणार. ते काम एका माणसाचं आणि एका तट्टाचं नव्हतं.

गवंडी दोन दिवस त्या लाकडाजवळ बसून होता. त्यानं फडताळातून सुपाऱ्याही काढल्या. हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला, आणि आपणच बोललेलं वाक्य आठवून परत फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानं करवत मागायला सुताराकडे जायचंही टाळलं आणि आपल्याच जुन्या करवतीनं आढं मधोमध कापायला घेतलं.

करवतीचा आवाज ऐकून सुतार कुंपणापाशी आला. त्याला न बोलवता बोलायचं नव्हतं, पण लाकडाची ती गत त्याला बघवेना.

"आढं तोडू नकोस," तो म्हणाला. "जोड देशील, उन्हाळा निघून जाईल. ओल्या गवताचा भार नाही पेलायचा त्याला."

"फाल्गुनात कुठला आलाय पाऊस," गवंडी म्हणाला आणि करवत चालवत राहिला. सुतार थोडा वेळ थांबून निघून गेला.

दोन खेपांत दोन तुकडे वर गेले. गवंड्यानं तिरक्या खाचा पाडून ते एकमेकांत बसवले, लोखंडी पट्ट्या ठोकल्या, वरून सुंभ आवळलं. जोडाखाली मधोमध एक टेकू द्यावा हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण टेकू दिला असता तर आढं तुटकं आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं असतं. त्यानं टेकू दिला नाही. छप्पर शाकारलं आणि खाली उभं राहून बघितलं. बाहेरून कुणाला काही ओळखू आलं नसतं.

निरोपाप्रमाणे येसू फाल्गुनातल्या त्रयोदशीला, दिवस मावळायच्या सुमाराला खिंडीत पोचणार होती. आदल्या दिवशी गवंडी शेवटची खेप आणायला खाली आला. दोन गोधड्या, गुळाची ढेप, आणि तीन पाट. दोन मोठे, एक नातवासाठी छोटा, त्यानं स्वतः तासून गुळगुळीत केलेला. त्रयोदशीला तो पहाटेच निघाला. वाटेत तट्टाला सांगत होता, आज नाव कळणार.

दुपारी आभाळ काळं झालं. आधी वारा, मग बोराएवढ्या गारा, मग पाऊस. कोपराच्या वळणावर वाटेवरून पाण्याचा लोंढा सुटला. गवंडी तट्टासकट कड्याच्या कपारीत अडकला तो दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. पाटांवर घोंगडी पांघरून तो बसून राहिला, आणि स्वतःची समजूत घालत राहिला की वर खोपी आहे, दार घट्ट आहे, लेक उबेला असेल.

सकाळी तो वर पोचला तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि छप्पर नव्हतं. गवत भिजून, गारा साचून जड झालं होतं आणि आढं बरोबर जोडावर मोडलं होतं. दोन्ही तुकडे आत कोसळलेले. चिखलात पावलं होती. पलीकडून दोन माणसं आली होती आणि पलीकडेच परत गेली होती.

आतलं गवत उपसून चहूकडे फेकलेलं होतं. त्याला वाटलं, वाऱ्यानं उडवलं असेल. मग त्या गवतात त्याला हिरव्या काकणांचे तुकडे दिसले. एक, दोन, मग बरेच. गवंड्याला कळायला थोडा वेळ लागला. बाप या छपराखाली सापडलाय असं समजून येसूनं दोन्ही हातांनी ते सगळं गवत उपसलं होतं.

तो तिथंच मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडला. तट्टू शेजारी उभं होतं. छोटा पाट त्याच्या पाठीवर बांधलेलाच राहिला.

चार दिवसांनी मीठवाला आला. येसूनं विचारलं होतं, बाबा बरा आहे ना? खोपीत कुणी नाही, तट्टूही नाही, एवढी खात्री करून घेतली आणि मगच ती नवऱ्याबरोबर परत उतरली. पोर थंडीनं काळंनिळं पडलं होतं, आता बरं आहे. सासरचे आता पुढच्या फाल्गुनापर्यंत पाठवायचे नाहीत. गवंड्यानं सगळं ऐकून घेतलं. या खेपेला नाव विचारायचं त्याला सुचलंही नाही.

तो उन्हाळा त्यानं दार लावून काढला. पावसाळाही तसाच गेला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो सुताराच्या दारात गेला आणि उंबऱ्यावर सुपारी ठेवून उभा राहिला.

"आढं उचलायचंय," तो म्हणाला.

"किती हात?"

"सोळा."

"अखंड?"

"अखंड."

सुतारानं खुंटीवरची चुंबळ काढली. गेल्या हिवाळ्यापासून ती तिथंच होती. तिच्यात कोळ्यानं घर केलं होतं. त्यानं ती झटकली आणि खांद्यावर टाकली.

सगळ्या घरी सुपारी ठेवत गवंडी गल्लीच्या टोकाला एका म्हातारीच्या दाराशी आला. तिच्या घरात खांदा देणारं कुणी उरलं नव्हतं, तरी तिच्याही खुंटीला चुंबळ होती. गवंड्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "आजी, मला वाटायचं, मी वाकावं म्हणून टांगल्यात तुम्ही."

"वाकायला कशाला रे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या तट्टाच्या घुंगरांवर मी रोज पहाटे उठायची. वाटायचं, आज थांबेल, आज थांबेल. पण आम्हीही टांगूनच बसलो. ती काढून तुझ्या मागनं चालायला आम्हाला कुणी अडवलं होतं?"

गवंड्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

थंडी पडल्यावर आढं निघालं. पुढचा खांदा गवंड्याचा, त्याच्यामागे चौदा. कोपराच्या वळणावर त्यांनी ते डोक्यावर धरलं आणि कड्यावरून असं फिरवलं की गवंड्याला भार जाणवलाही नाही. त्याला एकट्याला जे छप्पर घालायला महिना लागला होता, ते चार दिवसांत झालं. गेल्या वर्षभरात तो बोलला नव्हता तेवढं त्या चार दिवसांत बोलला.

फाल्गुनात येसू आली. आधी तिनं वर बघितलं. "एकच लाकूड आहे," गवंडी म्हणाला. मग तिनं पोराला खाली उतरवलं. पोर तीन वर्षांचं होत आलं होतं. चालायला आणि बोलायला ते आजोबाशिवायच शिकलं होतं, आणि या दाढीवाल्या माणसाला बघून ते आईच्या पदरामागे लपलं. गवंड्यानं छोटा पाट चुलीजवळ मांडला आणि आपण लांब जाऊन बसला. बऱ्याच वेळानं पोर येऊन पाटावर बसलं. पाट त्याला थोडा लहान झाला होता.

"नाव काय तुझं?" गवंड्यानं विचारलं.

"भिवा," पोर म्हणालं.

गवंडी बाहेर गेला आणि त्यानं ते नाव तट्टाला सांगितलं. नंतर खाली उतरल्यावर गल्लीतल्या प्रत्येक दाराशी थांबून सांगितलं.

म्हणतात की त्या गावात आता सुपारीची रीत उरलेली नाही. कुणाच्या अंगणात लांब लाकूड पडलेलं दिसलं की लोक चुंबळ घेऊन आपणहून येऊन उभे राहतात.

आता गोष्टीचं तात्पर्य. आपल्या माणसासाठी काही उभं करायचं असेल तर चार खांदे मागायची लाज धरू नये. आणि शेजारचा माणूस एकटाच ओझं वाहताना दिसला, तर त्यानं मागेपर्यंत दारात बसून राहू नये.