सरदाराचा नुबकाचा अंगरखा

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका गावात एक सरदार होता. त्याला थंडी सोसत नसे, आणि माणसंही फारशी सोसत नसत.

त्याच गावाबाहेर, ओढ्याकाठी, भिवरा आणि तिचा नवरा राहत. मेलेल्या जनावराचं कातडं आणायचं, बाभळीच्या सालीत मुरवायचं आणि कमवायचं, हे त्यांचं काम. गावातल्या वहाणा, घोड्यांचे लगाम, विहिरीतून पाणी ओढायच्या मोटा, सगळं त्यांच्याच हातचं. तरी भिवरा समोरून आली की बायका पदर आवरून बाजूला होत.

एका हिवाळ्यात भिवराने एक कातडं निराळ्या तऱ्हेनं कमावलं. त्याची वरची बाजू ती बारीक दगडानं, हलक्या हातानं घासत राहिली. घासता घासता त्यावर मखमलीसारखी लव उभी राहिली. बोट फिरवलं की रेघ उमटे, उलटं फिरवलं की मिटून जाई. अशा कातड्याला नुबक म्हणतात. मऊ, उबदार आणि चांगलं टिकाऊ, फक्त जपावं लागतं.

सरदाराच्या कानावर ही बातमी गेली. "मला त्याचा अंगरखा पाहिजे," तो म्हणाला.

भिवराला वाड्याच्या अंगणात उभं केलं. आत कारभाऱ्याने सरदाराच्या अंगाला दोरी लावली, मापाच्या गाठी मारल्या आणि बाहेर येऊन ती दोरी तिच्यापुढे फेकली. तिनं ती मुकाट्यानं उचलली.

अंगरखा तयार झाला. तो पायरीवर ठेवून भिवरा म्हणाली, "सरकार, याला पाण्यापासून जपा. चुकून थेंब पडलाच तर घासू नका. सावलीत आपोआप वाळू द्या, मग कोरड्या कुंच्यानं हलकेच झाडा. आणि तेल तर मुळीच नको. लव एकदा चिकटून बसली की पुन्हा उठत नाही."

"कळलं, कळलं. हो बाजूला," कारभारी म्हणाला.

ती गेली. कारभाऱ्याने तांब्या आणला आणि अंगरख्यावर चांगलं पाणी शिंपडलं. का, तर तिचा हात लागला होता!

छातीवर काळे थेंब उमटले. सरदार ओरडला. कारभाऱ्याने घाबरून ओल्या फडक्यानं डाग घासले, तशी लव गोळे होऊन निघाली. ते लपवायला त्यानं वर तिळाचं तेल चोळलं. छातीचा भाग तव्याच्या बुडासारखा काळा, चिकट झाला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळा गाव जमला. सरदाराने अंगरखा भिवराच्या पायाशी फेकला. "मला फसवतेस? असला माल देतेस?"

भिवराने तो उचलला, हुंगला. "तेल कुणी लावलं?"

कारभारी जमिनीकडे पाहू लागला.

"आणि पाणी? पाऊस तर पडला नाही."

"मग शुद्ध नको करायला?" गर्दीतून कुणीतरी हसत म्हणालं.

भिवराचा चेहरा लाल झाला. "शुद्ध? माझ्या मांडीवर हे कातडं मऊ झालं. लव उठवताना माझी बोटं सोलली. ते छातीशी धरायला तुम्हाला चालतं, आणि ज्या हातानं केलं त्याचा विटाळ होतो? तुमच्या पाण्यानंच तुमचा अंगरखा नासला, सरकार! माझ्या हातानं नाही!"

"भिवरे, गप," नवरा हळूच म्हणाला.

"जन्मभर गप बसले. काय मिळालं?"

"तोंड आवर!" सरदार गरजला. "दुसरा शिवून दे, नाहीतर गाव सोड."

"शिवते. पण या वेळी माप मी घेणार. माझ्या हातानं, तुमच्या अंगाला लावून." आणि ती दोन पावलं पुढे आली.

साप दिसावा तसा सरदार मागे सरला.

भिवराने गर्दीकडे पाहिलं. तिथल्या एकेकाच्या पायात तिनं शिवलेली वहाण होती. 'बाई खरं बोलते,' एवढं म्हणायला एक जीभ पुरे होती. पण एकही हलली नाही.

संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठची झोपडी रिकामी झाली. घाटापलीकडच्या गावाने त्या दोघांना विहिरीजवळ जागा दिली.

इकडे माघात गव्हाच्या ओंब्या भरायला लागल्या आणि मोटा फाटल्या. आधी सरदाराची, मग एकेक करून सगळ्यांची. लोकांनी सुतळीनं शिवून पाहिल्या. पाणी वर येईपर्यंत मोट रिकामी. शेवटी सरदार स्वतः घोड्यावर बसून घाट उतरला.

भिवरा ओट्यावर कातडं कापत होती. शेजारच्या दोघी तिच्याजवळ गप्पा मारत बसल्या होत्या.

"गावात चल. गहू जळतोय," सरदार म्हणाला.

"ओट्यावर बसा, सरकार. बसून बोलू."

सरदाराने ओट्याकडे पाहिलं, त्या बायकांकडे पाहिलं. लगाम हातातून सोडला नाही. "मी घोड्यावरूनच सांगतो."

"मग घोड्यावरूनच परत जा," भिवरा म्हणाली, आणि खाली मान घालून पुन्हा कातडं कापू लागली.

त्या वर्षी घाटमाथ्यावर गव्हाचा एक दाणाही घरात आला नाही. सरदाराच्या घरात नाही, आणि चावडीवर गप्प उभे राहिलेल्यांच्या घरातही नाही.

तात्पर्य: ज्यांना हाताचं काम हवं पण हात नको, त्यांना एक दिवस दोन्हींविना राहावं लागतं, आणि अन्याय गप्प राहून पाहणाऱ्याचं शेतही त्यांच्याबरोबरच जळतं.